आधी वही, मग वासरू: हायस्कूलच्या मुलांना मांसाची गुरं पाळायला कसं शिकवायचं

माझी पहिली बॅच मी थेट गोठ्यात नेली होती. चौदा पोरं, एक गोऱ्हा, आणि माझ्या डोक्यात एवढंच की पोरांना पुस्तकी नको, हातात दावं देऊ, आपोआप शिकतील. पोरं त्याच्याभोवती गोल करून उभी राहिली, मागून कोणीतरी हसलं, कोणीतरी मोबाईल काढला, आणि दुसऱ्या मिनिटाला तो गोऱ्हा फाटकाची वरची फळी मोडून बाहेर. कुणाला लागलं नाही हे नशीब. चूक पूर्ण माझी होती, जनावराची अजिबात नाही, त्याला पळायला एकच बाजू दिसली आणि तिथून ते गेलं. तेव्हापासून माझा क्रम बदलला, आणि तुम्ही पहिल्यांदाच मुलांना हे शिकवणार असाल तर तोच क्रम इथे सांगतोय.

थोडक्यात क्रम असा की आधी बघायला शिकवायचं, बघितलेलं लिहायला शिकवायचं, आणि त्यानंतर हात लावायचा. बाकी चारा, औषध, वजन, पैसे हे सगळं त्या वहीच्या आधाराने येतं.

पायरी 1: मुलांना बोलवायच्या आधी तुमचं ठरवून घ्या

हे जनावर शेवटी कुठे जाणार आहे? कोण घेणार, किती वजनाचं झाल्यावर, कधीपर्यंत? हे ठरल्याशिवाय वासरू आणू नका. तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते आधी बघा, कारण गुरांच्या कत्तलीचे, वाहतुकीचे, कानातल्या बिल्ल्याचे नियम जागोजागी वेगळे आहेत आणि काही ठिकाणी हा प्रोजेक्टच करता येणार नाही. पालकांची लेखी परवानगी घ्या, त्यात स्पष्ट लिहा की हे मांसासाठी पाळलं जाणारं जनावर आहे. ज्या घरात हे चालणार नाही त्या मुलाला सन्मानाने दुसरं काम द्या, चाऱ्याचा प्लॉट सांभाळणं किंवा हिशेब ठेवणं हे पण तितकंच खरं काम आहे. आणि एक व्हेट, म्हणजे गुरांचा डॉक्टर, आधीच बोलून ठेवा जो फोन उचलतो.

आणि मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगायचं. दहाव्या महिन्यात नाही. मी एकदा "बघू पुढे" म्हणत टाळलं होतं आणि शेवटी एका मुलीने मला जे विचारलं, "सर तुम्हाला आधीपासून माहीत होतं ना?", ते अजून टोचतं.

नाव ठेवू द्यायचं का हा वाद प्रत्येक वेळी होतो. बरेच जण म्हणतात नंबरच द्या, जीव लागत नाही. माझं मत उलटं आहे, नाव ठेवू द्या, जीव लागतोच, आणि जीव लागलेला पोरगा रविवारी पाणी बघायला येतो, नंबरवाला येत नाही.

पायरी 2: जनावराशिवाय दोन-तीन तास

वर्गात. फळ्यावर एक मोठं गुराचं चित्र काढा आणि शरीराचे भाग मुलांकडूनच लिहून घ्या: वशिंड किंवा खांद्याचा उंचवटा, छाती, भकाळी, कंबर, मांडी, खूर. भकाळी हा शब्द पक्का करून घ्या, म्हणजे शेवटच्या बरगडीमागचा तो खळगा. डावी भकाळी आपल्याला वर्षभर लागणार आहे.

मग पोट. इथे घाई करू नका कारण पुढचं निम्मं शिक्षण याच्यावर उभं आहे. गुराला पोट एकच असतं पण त्याला कप्पे चार, आणि सगळ्यात मोठा कप्पा म्हणजे रुमेन, आपलं कोठीपोट, मोठ्या जनावरात शंभर लिटरच्या वर मावेल एवढा. त्यात अब्जावधी सूक्ष्मजीव राहतात आणि गवतातला सेल्युलोज तेच मोडतात, गुराच्या स्वतःच्या शरीराला ते जमत नाही. म्हणून मी मुलांना सांगतो की आपण गुराला चारा घालत नाही, त्याच्या पोटातल्या त्या वस्तीला घालतो आणि ती वस्ती गुराला पोसते. हे एकदा डोक्यात बसलं की चारा एकदम का बदलायचा नाही, धान्य जास्त का घालायचं नाही, आजारी गुराचं रवंथ बंद होणं म्हणजे काय, हे सगळं वेगळं पाठ करावं लागत नाही.

रवंथ करताना लाळ सुटते, मोठं जनावर दिवसाला शंभर लिटरच्या आसपास लाळ तयार करतं (पोरांचे चेहरे बघा हे सांगताना), आणि ती लाळ पोटातलं आम्ल आटोक्यात ठेवते. गवताला जास्त चावावं लागतं म्हणून जास्त लाळ, धान्याला कमी चावावं लागतं म्हणून कमी लाळ. हे वाक्य वहीत लिहून घ्या, पायरी 6 ला लागेल.

समोरचे वरचे दात गुराला नसतात हे पण इथेच सांगा, अर्धा वर्ग विश्वास ठेवत नाही. खालचे पुढचे आठ असतात. दुधाचे दात पडून पक्क्या दातांची पहिली जोडी साधारण दीड ते दोन वर्षांत येते, मग पुढच्या जोड्या एकेक करत चार वर्षांच्या आसपास तोंड जुळतं, म्हणून दोनदाती, चारदाती असं वय सांगतात.

पायरी 3: कुंपणाबाहेरून बघणं

आता गोठ्याकडे जा, पण आत नाही. वीस मिनिटं कुंपणाबाहेर, गप्प, हातात वही. प्रत्येकाने दहा गोष्टी लिहायच्या ज्या त्याने स्वतः बघितल्या. "शांत आहे" हे चालणार नाही, कशावरून शांत ते लिहा. कान कुठे, मान कशी, शेपूट काय करते, रवंथ चालू आहे का, एका घासाला किती वेळा चावतंय. (एकदा गिळलेला घास परत वर येताना मानेवरून सरकताना दिसतो, हे पहिल्यांदा बघितलेला मुलगा बाकीच्यांना ओढून आणून दाखवतो.) पहिल्या दिवशी दहा होत नाहीत, चार-पाच होतात. तिसऱ्या आठवड्यात वीस होतात.

मग जनावर जग कसं बघतं ते. डोळे बाजूला असल्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, साधारण 330 अंश, फक्त बरोबर पाठीमागचा पट्टा दिसत नाही. म्हणून पाठीमागून गुपचूप जायचं नाही, आवाज देत बाजूने जायचं. खोल-उथळ त्याला नीट कळत नाही त्यामुळे जमिनीवरची सावली, पाण्याचं डबकं, फाटकावर लटकणारी साखळी हे सगळं त्याला खड्ड्यासारखं किंवा धोक्यासारखं वाटू शकतं. जनावर अडलं की काठी शोधायच्या आधी ते काय बघतंय ते शोधा. अमेरिकेतल्या प्राणीवर्तनाच्या अभ्यासक टेंपल ग्रँडिन यांनी आयुष्यभर हेच काम केलं, गुरांच्या नजरेच्या उंचीवरून वाटा बघितल्या आणि त्याप्रमाणे वळणदार गल्ल्यांची डिझाईन्स केली. मुलांना तुमच्याकडच्या गुरांच्या वाटेतून असंच वाकून चालायला लावा, मजा पण येते आणि लटकणारी दोरी त्यांनाच सापडते.

पायरी 4: आत जाणं

नियम थोडे आणि कडक. बंद बूट, लटकणारी ओढणी-पट्टा-इयरफोन नाही, पळायचं नाही, ओरडायचं नाही, एका वेळी आत दोनच मुलं आणि एक मोठा माणूस, आणि निघायची वाट कुठे ते आत शिरायच्या आधी बोटाने दाखवायचं. दावं हाताला कधीच गुंडाळायचं नाही. कधीच म्हणजे कधीच नाही, जनावर उडालं तर बोटं जातात. दावं घड्या घालून मुठीत धरायचं.

प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं वर्तुळ असतं, त्याच्या आत तुम्ही पाय टाकला की ते सरकतं. माणसाळलेल्याचं वर्तुळ अगदी लहान, नव्याचं मोठं. वर्तुळाच्या काठावर पाऊल आत टाका, ते सरकेल, पाऊल मागे घ्या, ते थांबेल. दुसरं म्हणजे खांदा. तुम्ही खांद्याच्या मागे असलात तर ते पुढे जातं, खांद्याच्या पुढे आलात तर मागे हटतं. एवढ्या दोन गोष्टींवर एक शांत मुलगा काठीशिवाय जनावर फाटकातून काढतो. मी ही परीक्षा घेतो, काठीशिवाय, आवाजाशिवाय, एका फाटकातून दुसऱ्यात, आणि दरवेळी वर्गात सगळ्यात कमी बोलणारं पोरगं पहिलं येतं.

म्होरकी घालायची सवय रोज पंधरा मिनिटं. पहिले काही दिवस फक्त घालून उभं ठेवायचं आणि खरारा करायचा, मग दोन पावलं, मग चार. ओढाताण केली तर ते जिंकणार, अडीचशे किलो आहे ते. ओढ द्यायची, त्याने एक पाऊल टाकलं की लगेच ढील द्यायची. ढील हेच त्याचं बक्षीस.

पायरी 5: जनावर निवडणं आणि पहिला महिना

दूध तोडलेलं, साधारण सहा ते आठ महिन्यांचं, अंदाजे 200 ते 250 किलोचं वासरू नवशिक्यांना बरं. त्याहून लहान घेतलं तर दुधाची आणि हगवणीची कटकट, मोठं घेतलं तर मुलांच्या हातात येत नाही. एकटं घेऊ नका. हे कळपाचं जनावर आहे, एकटं ठेवलं की ते दिवसभर कुंपणाला फेऱ्या मारतं आणि खात नाही. दोन घ्या. खच्ची केलेला गोऱ्हा घ्या, वळू शाळेत नको, तो कितीही गरीब दिसला तरी.

जातींवर मुलं तासभर वाद घालतात, मी पाच मिनिटं देतो. काळी बिनशिंगी अँगस स्कॉटलंडची, पांढऱ्या तोंडाची हेरफर्ड इंग्लंडची, पांढरीफेक शारोले फ्रान्सची, आणि उष्ण हवेला टिकणारी ब्राह्मन, जी अमेरिकेत भारतीय वंशाच्या गुरांपासून तयार केली गेली. पण तुमच्या हवेत जे टिकतं आणि तुमच्याजवळ जे निरोगी मिळतं तेच चांगलं, हा निकष बाकी सगळ्याच्या वर.

बघताना: चालताना लंगडतंय का, डोळे स्वच्छ का, नाक ओलसर पण वाहत नाही ना, बेंबी सुजलेली नाही ना, शेपटीखाली पातळ शेण चिकटलंय का, खोकतंय का, आणि बाकीच्यांपासून वेगळं उभं आहे का. वेगळं उभं असलेलं वासरू स्वस्तात मिळतं. का मिळतं ते सांगायला नको.

घरी आणल्यावर तीन ते चार आठवडे बाकीच्या गुरांपासून वेगळं ठेवा, वेगळी बादली, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी करा म्हणजे पायातून रोग इकडचा तिकडे जात नाही. पहिल्या दिवशी पाणी आणि चांगलं सुकं गवत, बस्स. प्रवास, नवी जागा, आईपासून तुटणं, या सगळ्याचा ताण त्याच्या फुप्फुसावर निघतो, खोकला-ताप-न्यूमोनिया बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच दिसतो. म्हणून या काळात सकाळ-संध्याकाळ नोंद सक्तीची. लसी आणि जंताचं औषध काय द्यायचं हे व्हेट ठरवेल, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या यातलं काय लागतं ते जागेवर अवलंबून आहे. मुलांनी एवढंच करायचं, तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर आणि टोचल्याची जागा वहीत लिहायची.

पायरी 6: चारा, म्हणजे गणिताचा तास

मुलं विचारतात किती घालायचं, आणि घरची माणसं सांगतात "पोटभर". पोटभर हे माप नाही. वाढतं जनावर दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण 2.5 टक्के एवढा चारा खातं, पण हा हिशेब पाणी वगळून, म्हणजे ड्राय मॅटरवर. 250 किलोच्या वासराला 6.25 किलो ड्राय मॅटर लागेल. सुक्या गवतात पाणी साधारण दहा टक्के, म्हणजे सुकं गवत जवळपास 7 किलो. हिरव्या चाऱ्यात पाणी ऐंशी टक्के असेल तर तोच 6.25 गाठायला 31 किलो घालावा लागेल. हे उदाहरण फळ्यावर सोडवून घ्या आणि मग खरोखर 31 किलो हिरवा चारा तोलून ढीग करून दाखवा, ढीग बघितल्यावर कुणी परत विसरत नाही.

मग धान्याचा खुराक. नुसत्या चांगल्या गवतावर जनावर वाढतं पण हळू, धान्य-पेंड दिली की वेग येतो, म्हणून सगळ्यांना वाटतं जास्त घालू. इथे लाळ आठवा. धान्य रुमेनमध्ये पटापट आंबतं, आम्ल तयार होतं, आणि चावणं कमी म्हणून लाळ पण कमी, सूक्ष्मजीवांची वस्ती मरते, जनावर खायचं सोडतं, पातळ आंबूस शेण, आणि जास्त झालं तर जनावर जातं. म्हणून खुराक दोन-तीन आठवडे घेऊन थोडा थोडा वाढवायचा, गवत कधी बंद करायचं नाही, आणि खाद्याच्या खोलीला कुलूप. माझ्याकडे एकदा दार नुसतं लोटलेलं राहिलं आणि एका गोऱ्ह्याने रात्रीत पोत्यात तोंड घातलं. सकाळी शेण बघून पोरांनीच ओळखलं, व्हेट वेळेत आला, वाचला. पण तो पुढे महिनाभर मागे पडला ते वजनाच्या तक्त्यात दिसतं, आणि तो तक्ता मी अजून दर बॅचला दाखवतो.

अजून काही गोष्टी ज्या नवख्यांना कोणी सांगत नाही. धान्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, आणि खच्ची केलेल्या नराची मूत्रनळी अरुंद, त्यामुळे नुसतं धान्य जास्त झालं तर मूतखडा अडकतो. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट पडेल असं खनिज मिश्रण हवं, आणि मीठ कायम. जनावर शेपूट उचलून कुंथतंय आणि लघवी थेंबथेंब, तर त्याच दिवशी व्हेट, उद्या नाही. मोनेन्सिन (खाद्यात मिसळायचं एक औषध) घातलेलं गुरांचं खाद्य घोड्याला विषारी आहे, शाळेत घोडा असेल तर पोती वेगळ्या खोलीत. युरिया मिसळायचे प्रयोग मुलांसोबत करू नका. आणि चाऱ्यात तारेचे तुकडे, खिळे बघा, गुरं निवडून खात नाहीत, तार गिळतात आणि ती जाळीसारख्या दुसऱ्या कप्प्यातून हृदयाकडे टोचत जाते.

पाणी. ऊन आणि चाऱ्याप्रमाणे या वयाचं वासरू दिवसाला 20 ते 40 लिटर पितं, उन्हाळ्यात जास्त. पाणी कमी पडलं की खाणं कमी होतं, खाणं कमी झालं की वाढ थांबते, आणि आपण खुराकाला दोष देत बसतो. टाकी रोज घासायची. माझा नियम सोपा आहे, ज्या पाण्यात तुम्ही तोंड धुणार नाही ते गुराला नाही.

पायरी 7: वजन

काटा असेल तर उत्तम. नसेल तर टेप. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून सेंटिमीटरमध्ये, आणि लांबी खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 10838, उत्तर किलोत. समजा घेर 150, लांबी 125, तर वजन सुमारे 260 किलो. महिन्याने घेर 156, लांबी 128 भरली तर सुमारे 287. तीस दिवसांत 27-28 किलो, म्हणजे रोज 900 ग्रॅमच्या वर. हे चांगलं आहे. धान्य देत असाल तर रोज साधारण 0.8 ते 1.2 किलो वाढ धरा, नुसत्या गवतावर त्याहून कमी.

आता मुलांना मुद्दाम चुकायला लावा. घेर 150 ऐवजी 153 वाचला तर उत्तर 270 येतं, तीन सेंटिमीटरच्या ढिल्या टेपने दहा किलो "वाढले". म्हणून दरवेळी तोच मुलगा टेप धरेल, जनावर सपाट जागी चारी पायांवर सरळ उभं, सकाळी चाऱ्याच्या आधी. पोट भरलेलं आणि रिकामं यातच कितीतरी किलोंचा फरक पडतो. एका मापावरून निष्कर्ष काढायचा नाही, तीन मापांची रेघ बघायची.

याच रेघेवरून पुढचा प्रश्न: एक किलो वजन वाढायला किती किलो ड्राय मॅटर गेलं? वाढीच्या जनावरात साधारण 6 ते 8 किलो जातं. तुमच्या मुलांचा आकडा 12 आला तर चारा कुठेतरी वाया जातोय, पायाखाली तुडवला जातोय किंवा जंत खातायत. हा शोध मुलांनाच लावू द्या. एका बॅचला गव्हाण उथळ आहे हे या आकड्यावरून कळलं, मी तीन वर्षं तीच गव्हाण वापरत होतो आणि मला दिसलं नव्हतं.

पायरी 8: रोजची दहा मिनिटं

चारा टाकताना कोण आलं आणि कोण मागे राहिलं, हे पहिलं. आजारी जनावर दुसरं काही सांगायच्या आधी गव्हाणीशी उशिरा येतं. मग कान, डोळे, नाक, श्वास, पाय, शेण. शेणाची थापी मऊ पण घडी पडणारी हवी, पाण्यासारखी नको, दगडी गोळे नको.

डावी भकाळी. मूठ त्या खळग्यात दाबून धरा आणि घड्याळ बघा, मिनिटाला एक-दोन वेळा रुमेन हाताला ढकलेल. प्रत्येक मुलाने हे निरोगी जनावरात करून बघितलंच पाहिजे, कारण निरोगी हाताला माहीत नसेल तर आजारी कळणार कसं. डावी भकाळी ढोलासारखी फुगली, जनावर अस्वस्थ, तोंडाने श्वास, म्हणजे पोटफुगी, लगेच फोन, हे तासांचं नाही मिनिटांचं काम असू शकतं. कोवळा ओला द्विदल चारा उपाशीपोटी भरपूर खाल्ला की हे होतं, म्हणून आधी सुकं गवत घाला.

तापमान गुदद्वारातून, निरोगी मोठं वासरू 38 ते 39.3 सेल्सियसच्या आसपास. उन्हात उभं असेल किंवा आत्ताच पळवलं असेल तर थोडं जास्त येईल, घाबरू नका, सावलीत आणा, परत बघा. 40 च्या वर आणि खात नसेल तर व्हेट.

औषध दिलं की वहीत औषध, मात्रा, तारीख, आणि विथड्रॉवल पिरियड, म्हणजे शेवटच्या डोसनंतर किती दिवस हे जनावर मांसासाठी पाठवता येत नाही. हा आकडा लेबलवर असतो. ती नोंद लाल पेनाने, आणि ती पुरी होत नाही तोपर्यंत ग्राहक कितीही घाई करो, जनावर हलणार नाही.

आणि मुलांचं आरोग्य. गजकर्ण गुराकडून माणसाला सहज येतं, साल्मोनेला, लेप्टोस्पायरा, ब्रुसेला हे रोगजंतू पण येऊ शकतात. गोठ्यात खाणं-पिणं नाही, निघताना साबणाने हात, जखम झाकलेली, कच्चं दूध नाही. लहान भावंडं "बघायला" आणायची नाहीत, हे मला दर वर्षी दोनदा सांगावं लागतं.

शिंगं काढणं आणि खच्चीकरण जितकं लहानपणी तितका त्रास कमी, आणि ते व्हेटने, वेदनाशामक देऊनच. शक्यतो हे आधी झालेलं वासरूच घ्या. दाखवायचं असेल तर ज्याला बघायचं नाही त्याला बाहेर उभं राहायची पूर्ण मुभा, चिडवाचिडवी चालणार नाही.

पायरी 9: हिशेब

वहीच्या मागच्या पानांवर. वासराची किंमत, चारा, खुराक, औषध, वाहतूक, मेलेल्या जनावराचा धोका, आणि मुलांच्या कामाचे तास. तास लिहायला मुलं विसरतात कारण त्याचे पैसे कुणी देत नाही, पण लिहा. वासराच्या किमतीनंतर सगळ्यात मोठा आकडा चाऱ्याचा निघतो. मग शेवटचं गणित: 500 किलोचं जिवंत जनावर म्हणजे 500 किलो मांस नाही. कातडं, डोकं, आतडी गेल्यावर साधारण 60 टक्के धड उरतं, म्हणजे 300 किलो, आणि त्यातून हाडं, जास्तीची चरबी, सुकण्याची घट गेली की आणखी कमी. जे पोरगं "किलोला इतके म्हणजे पाचशे किलोला तितके" करून श्रीमंत झालेलं असतं ते इथे जमिनीवर येतं. नफा नाही निघाला तर तसाच तोटा लिहायचा, आकडे गोड करायचे नाहीत. माझ्या दोन बॅच तोट्यात गेल्यात आणि चाऱ्याबद्दल सगळ्यात चांगले प्रश्न त्याच पोरांनी विचारले.

पायरी 10: जायचा दिवस

तारीख मुलांना दोन आठवडे आधी सांगा. गाडीत चढवायचा सराव आधी करून घ्या, म्होरकी लावून त्याच फळीवरून चार-पाच वेळा वर-खाली, फळीवर घसरू नये म्हणून वाळू किंवा गवत. त्या दिवशी सकाळी उन्हाच्या आधी, पाणी पाजून, घाई न करता. काठी मारत चढवलेल्या जनावराच्या मांसावर ताण दिसतो, मरायच्या आधी ताण पडला की स्नायूतली साखर संपते आणि मांस काळपट-कोरडं पडतं, त्यामुळे शांत हाताळणीचा पैशाशी पण संबंध आहे. पण पोरांना त्या वेळी हे सांगू नका, ते आधी वर्गात सांगून झालेलं असावं.

रडतील. रडू द्या, "त्यात काय एवढं" म्हणू नका आणि भाषण पण देऊ नका. ज्याला यायचं नसेल त्याने येऊ नये. कत्तलखाना बघायला न्यायचं का हे मी मुलांवर आणि पालकांवर सोडतो, कुणालाही ओढून नेलेलं नाही.

गाडी गेली की मी त्यांना गोठा धुवायला लावतो, गव्हाण घासायची, म्होरकी धुवून खिळ्याला टांगायची. मग वहीत शेवटची ओळ प्रत्येकाने स्वतः लिहायची: तारीख, शेवटचं वजन, एकूण दिवस, रोजची सरासरी वाढ. एका पोराने त्याखाली लिहिलं होतं, "शेवटच्या दिवशी पण चारा टाकल्यावर हाच पहिला आला." त्या पानाची झेरॉक्स काढून मी पुढच्या बॅचच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवली.